कळंबचं तिकीट : अडखळत बोलणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा धागा

बांधावरचा :

वर्ध्याहून यवतमाळच्या एसटीत बसलो की मला उतरायचं असतं कळंबला. कंडक्टर दोन सीट पुढे असतो तेव्हापासूनच माझ्या तोंडात 'क' जमायला लागतो. तो जवळ येतो, "बोला भाऊ" म्हणतो, आणि जीभ मागे टाळूला जी चिकटते ती सुटतच नाही. आवाज नाही, श्वास नाही, मान ताठ, एक डोळा बारीक झालेला. बाजूचा माणूस आधी कंडक्टरकडे बघतो, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर. शेवटी मी "यवतमाळ" म्हणून मोकळा होतो. 'य' मला सहसा अडत नाही. जास्तीचे पैसे भरायचे आणि कळंबला उतरून जायचं. एकदा एका नवीन कंडक्टरनं हटकलं, "भाऊ, तुमचं तिकीट पुढचं हाये न?" मी हात हलवला आणि उतरलो. पंधरा वर्षं हे असं चाललं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

लिहायचं कारण माझा मुलगा. पाच वर्षांचा आहे. दिवाळीपासून अडखळायला लागला. सुरुवातीला "आ-आ-आबाजी" एवढंच होतं. आता 'ब'वर ओठ मिटतात ते उघडत नाहीत, मग तो पाय आपटतो आणि शब्द बाहेर पडतो. पाय आपटताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण त्याच्या वयाचा असताना मी मांडीवर बुक्की मारायचो. आई म्हणते, बापाचं पाहून शिकला. शेजारी म्हणाले, त्याच्यासमोर जास्त बोलत जाऊ नको. मी ऐकलं. परवा रात्री त्यानं त्याच्या आईला विचारलं, "बाबा माझ्यावर रागावले काय?" तीन आठवडे मी त्याला एकही गोष्ट सांगितली नव्हती.

त्याला पुढे काय काय दिसणार आहे ते मला माहीत आहे. शाळेत माझा हजेरी नंबर सतरा होता. दहाव्या नंबरपासून तळहात ओले व्हायचे. 'हजर' एवढा एकच शब्द. 'ह' म्हणजे तर नुसती हवा, तीही निघायची नाही. सर मान वर न करता पुढच्या नावावर जायचे. वर्गात बसलेला असून कित्येक दिवस माझ्या नावापुढे गैरहजेरी लागली. एकदा पोट्ट्यांनी मागून "ह-ह-ह" सुरू केलं आणि सरही हसले. त्या दिवसापासून उत्तर येत असलं तरी मी हात वर करणं सोडलं. 'तोत्र्या' हे नाव मात्र कायमचं चिकटलं. गावात अजूनही काही जणांना माझं खरं नाव आठवावं लागतं.

मोठं झाल्यावर अडायच्या जागा बदलल्या. सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलो होतो. हर्रास सुरू झाला, माझ्या ढिगापाशी भाव बोलला गेला, मला पटला नाही. "नाही देत" म्हणायला मला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात मंडळी पुढच्या ढिगाकडे सरकली होती. घरी येऊन सांगितलं, भाव पडले.

आणि आमचे बाबा. सारं गाव त्यांना कमी बोलणारा, तापट माणूस म्हणून ओळखतं. मीही तेच समजत होतो. पोरगं अडखळायला लागल्यावर मी त्यांच्याकडे जरा नीट पाहू लागलो. बाबा 'पाणी' म्हणत नाहीत, गडवा दाखवतात. किराणा दुकानात चिठ्ठी देतात. कोणी नवीन पाहुणा नाव विचारतो तेव्हा त्यांना हमखास खोकला येतो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मला कळलं की माझे बाबा तापट नाहीत, अडखळतात. एका छपराखाली आम्ही दोघं एकमेकांपासून हेच लपवत होतो.

पण गावात संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे बाबांचा आवाज सगळ्यांत वर असतो. एकदाही अडत नाही. माझाही नाही. बैलांशी बोलतो तेव्हाही नाही. हे कसं काय, ते मला आजवर कोणी सांगितलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोराला हे माझ्यामुळे झालं का, आणि त्याच्याशी बोलू की नको? शिवाय यवतमाळ, वर्धा, अमरावती भागात माझ्यासारखं कोणी असेल तर कळवा. औषध नको. समोरासमोर बसायचं आहे.


सांजवात :

बापा, तुमचं वाचून डोये भरले. मी सत्तरीतली बाई आहे, नातवाकडून लिहून घेऊन रायली. आमच्याकडे असं लेकरू असलं की वेखंड उगाळून मधात जिभेवर लावत. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घालत. माझ्या धाकट्या दिराले तोंडात खडे ठेवून बोलाले लावलं होतं, त्यातला एक त्यानं गिळला. वेखंडानं कोनाचं बरं झालेलं मले आठवत नाही, पन काहीतरी केल्याचं समाधान वाटे. तुमच्या आईले दोष देऊ नका. तिच्यावरही कोनी बोट दाखवलं असन, तुमच्या वक्ताले.


वाचाताई :

मी वाचा-उपचार करते, विदर्भातच. बांधावरचा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही. पाहून कोणी अडखळायला शिकत नाही. घाबरल्यानं होत नाही, लाडानं नाही, मारल्यानंही नाही. बोलताना श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ ही सगळी जुळणी सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत व्हावी लागते, आणि ती वेळ साधण्याचं मेंदूतलं काम काही जणांमध्ये थोडं वेगळं चालतं. हे बऱ्याचदा घराण्यात उतरतं. २०१० साली संशोधकांनी काही जनुकं प्रथमच दाखवून दिली, ज्यांतले बदल अडखळण्याशी जोडलेले आहेत. म्हणजे तुमच्या बाबांकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून मुलाकडे काही आलं असेल तर ते डोळ्यांच्या रंगासारखं आलं. त्यात कोणाचा गुन्हा नाही.

साधारण शंभरातली पाच मुलं लहानपणी कधीतरी अडखळतात, बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं. त्यातल्या बहुतेकांचं आपोआप किंवा थोड्या मदतीनं थांबतं. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास राहतं आणि बायकांपेक्षा पुरुषांत ते जवळपास चौपट दिसतं. दोन-तीन हजार वस्तीचं गाव धरलं तर तुमच्याच गावात वीसेक माणसं निघतील. ती दिसत नाहीत कारण ती तुमच्यासारखीच यवतमाळचं तिकीट काढतात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र 'होईल मोठा झाल्यावर बरा' म्हणून थांबू नका. मुलगा आहे, घरात दोन पिढ्या आहेत, काही महिने उलटले आणि तो पाय आपटतो आहे, म्हणजे शब्द अडतो आहे हे त्याला कळू लागलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. अंगणवाडी सेविकेला सांगून ठेवा, त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव जातं. पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात थेट विचारलं तरी चालतं.

घरी काय करायचं? बोला. भरपूर बोला, तुमच्या अडखळण्यासकट. गोष्ट आजपासूनच सुरू करा. त्याला "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हा नीट म्हण" असं म्हणू नका. प्रेमानं म्हटलं तरी त्याला ऐकू येतं ते 'तू चुकीचं बोललास'. त्याऐवजी तुमच्या स्वतःच्या बोलण्याचा वेग कमी करा, त्याचं वाक्य संपलं की एक क्षण जाऊ द्या, मग उत्तर द्या. दिवसातून पाच-दहा मिनिटं अशी काढा की मोबाईल बाजूला, दुसरं भावंड बाजूला, फक्त तो आणि तुम्ही. तो अडला की तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघा आणि थांबा.

आता प्रार्थना. अनेक जण एका लयीत बोलतात तेव्हा बोलण्याचा ठेका बाहेरून मिळतो. मेंदूला तो स्वतः तयार करावा लागत नाही, म्हणून अडत नाही असं समजलं जातं. गाण्यातही तेच. एकटं असताना किंवा जनावरांशी बोलतानाही बहुतेकांचं अडत नाही, कारण समोर वाट पाहणारं, तोलणारं कोणी नसतं. तुमची जीभ चांगली आहे. जिभेखालचा दोरा कापून आणलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, त्याचा अडखळण्याशी काही संबंध नाही. हमखास बरं करतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासूनही सांभाळा.


बांधावरचा :

ताई, 'नाही' हा शब्द मी पाच वेळा वाचला. मग आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुह्या वक्ताले मले बी सासूनं हेच म्हनलं होतं."

सांजवात आजी, तुमचं म्हणणं खरं निघालं.

काल गोष्ट सांगितली. कोल्ह्याच्या 'क'वर तीनदा अडलो. तो पोटावर हात ठेवून वाट पाहत होता.


सांबारवडी :

दादा, मी यवतमाळ जिल्ह्यातलीच. बायकांचं अडखळणं अजून खोल लपवलेलं असतं, म्हणून लिहिते.

मला पाहायला पाहुणे आले तेव्हा काकूनं आधीच बजावलं होतं, मान खाली ठेव, विचारलं तर हसायचं, आम्ही सांगू पोरगी लाजाळू आहे. त्यांनी नाव विचारलं. माझं नाव 'प'नं सुरू होतं. काकूनं माझ्या आधी सांगून टाकलं. शिक्षण विचारलं, मामानं सांगितलं. अर्ध्या तासात माझ्याबद्दल सगळं बोलून झालं आणि त्यात माझा एक शब्द नव्हता. लग्न जमलं. चौथ्या दिवशी सासरी मी पहिलं पूर्ण वाक्य बोलले आणि मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातातला चहाचा कप खाली ठेवला. फसवलं, असं म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं, फसवलंच होतं. पण फसवणारी मी नव्हते, मला बोलूच दिलं नव्हतं. हे कोणाला सांगू?

सहा वर्षं मी त्या घरात खुणांनी आणि छोट्या शब्दांनी राहिले. 'प' नको म्हणून 'पाहुणे'ऐवजी 'मंडळी', 'परवा'ऐवजी 'दोन दिवसांनी'. डोक्यात चोवीस तास शब्दांची अदलाबदल चालते. त्यानं माणूस किती थकतो ते बाहेरच्यांना कळत नाही. नाव मात्र बदलता येत नाही. आपलं नाव हाच सगळ्यात अवघड शब्द असतो, अडखळणारे बरेच जण हेच सांगतील.

सुटका झाली ती उमेदच्या बचत गटात. बैठकीत प्रत्येकीनं उभं राहून नाव सांगायचं असतं. पहिल्या वेळी मी उभी राहिले आणि अडले. शेजारची माझं नाव सांगायला लागली. तेवढ्यात आमच्या अध्यक्ष, चौथी शिकलेली बाई, म्हणाल्या, "तिचं नाव तिले सांगू दे वं. आपल्याले कुठं गाडी पकडाची हाये?" सगळ्या थांबल्या. मला वाटतं दहा सेकंद गेले असतील. नाव आलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी कौतुक केलं नाही, पुढची उभी राहिली. ते मला फार बरं वाटलं. आता चार वर्षं झाली, गटाचं वहीवाचन मीच करते. हप्ता किती, थकबाकी कोणाची, सगळं वाचते. वेळ लागतो. त्यांनी बैठक अर्धा तास आधी लावली, बस्स.


खडूफळा :

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. बांधावरचा, तुमच्या सरांबद्दल वाचून मान खाली गेली. मी हसलो नसेन, पण दुसरी चूक केली आहे. एका मिनिटात किती शब्द वाचले हे मोजायचं होतं. एक मुलगी पहिल्याच ओळीत अडली, घड्याळ संपलं आणि मी तिला वाचन न येणाऱ्यांच्या रांगेत टाकलं. ती वर्गात सगळ्यात जास्त गोष्टींची पुस्तकं वाचणारी पोरगी आहे. तिचं वाचन मला मोजायचं होतं आणि मी तिचं अडणं मोजलं.

नंतर तिला एकटीला बाजूला बसवून विचारलं, तुला काय केलं तर सोपं जाईल? हा प्रश्न शिक्षकानं सगळ्यांसमोर कधीच विचारू नये. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. वाचताना मैत्रीण सोबत वाचू दे, आणि माझा नंबर केव्हा येणार ते आधी सांगा. जोडीनं वाचताना ती सरसर वाचते, ते का हे आज वाचाताईंमुळे समजलं. हजेरीला आता ज्याला वाटेल त्यानं हात वर करायचा, ज्याला वाटेल त्यानं बोलायचं, असं पूर्ण वर्गासाठीच केलं. एकटीसाठी वेगळा नियम केला असता तर तोच तिच्यावर शिक्का झाला असता. तोंडी परीक्षेतून मात्र तिला सूट देत नाही. तिला वेळ देतो.

वर्गात "ह-ह-ह" करणाऱ्या पोरांशी बोलणं हे आमचं काम आहे. मी त्यांना सरळ सांगितलं, काही जणांचे शब्द थोडे उशिरा पोचतात, मधे बोलू नका. दुसरीतली पोरं आहेत, त्यांना एवढं पुरलं.


काळी माती :

मी इथे वाचायलाच येते, पण आज राहवत नाही. माझे यजमान अडखळतात. लग्नाला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षं मी त्यांचे शब्द पुरे करत आले. तलाठी साझ्यात, बँकेत, दवाखान्यात. ते "मला सा-सा" म्हणाले की मी "सात-बारा पाहिजे" म्हणायची. मला वाटायचं मी मदत करते आहे. काल हा धागा त्यांना वाचायला दिला आणि विचारलं, तुम्हाला कसं वाटतं हो मी असं करते तेव्हा? बराच वेळ गेला. मी थांबले, बहुधा पहिल्यांदाच. ते म्हणाले, "अर्ध्या वेळी मला वेगळंच म्हणायचं असते."

सतरा वर्षांत त्यांना जे म्हणायचं होतं त्यातलं अर्धं मला माहीतच नाही.


झाडीचा गडी :

जय भीम, नमस्कार सगळ्यांना. मी गडचिरोली जिल्ह्यातला, झाडीपट्टीत वीस वर्षं नाटकात कामं केली. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्र रात्र नाटक. मी लहानपणापासून अडखळतो, पण स्टेजवर खलनायकाची पानभर वाक्यं एका दमात. प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. पडदा पडला, कोणी मागे येऊन "वा, काय काम केलं" म्हटलं की 'धन्यवाद' निघत नसे.

यामुळे फार गैरसमज झाले. लोक म्हणत, नाटकात येते मग घरीच कसं येत नाही, हा ढोंग करते. माझ्या सख्ख्या भावानंही म्हटलं. वाचाताईंनी लिहिलं तेव्हा समजलं की दुसऱ्याचा आवाज, पाठ केलेला ठेका घेतला की अडत नाही, स्वतःचं बोलायला गेलं की अडते. म्हणून सांगतो, प्रार्थनेत अडत नाही म्हणून 'मग बाकी वेळी मुद्दाम करतोस' असं तुमच्या पोराला कोणी म्हणू नये. ते लई लागते.


पुण्यातला वऱ्हाडी :

मी दर्यापूरकडचा, पुण्यात नोकरीला. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून एक संस्था आहे, तिचे स्वयंसहायता गट मोठ्या शहरांत चालतात. तिथं गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत सगळेच अडखळणारे पाहिले. एक जण नाव सांगायला अडला आणि कोणी मान वळवली नाही. मी रडलो.

तिथं एक गोष्ट शिकलो ती सांगतो. मुद्दाम अडखळायचं. जो शब्द येतो तोसुद्धा आपण होऊन, सावकाश, "च-च-चहा द्या" असा म्हणायचा, समोरच्याच्या डोळ्यात बघून. पहिल्यांदा पाय लटपटले. दहा टपऱ्यांवर केलं तेव्हा लक्षात आलं, चहा प्रत्येक ठिकाणी मिळाला. आपण आयुष्यभर ज्याला घाबरतो ते लपवण्याच्या धडपडीनंच अर्धं वाढवलेलं असतं. आता मी फोनवर आधीच सांगतो, "मी अडखळून बोलतो, लाइन कट करू नका."


संत्राबाग :

पुण्याच्या भाऊंना विचारतो, राग मानू नका. लपवू नका, मुद्दाम अडखळा म्हणता, म्हणजे हात टेकायचे का? माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मला ती नीट बोलायला हवी आहे. उद्या तिला नोकरी कोण देईल, लग्न कसं होईल? शहरात गट असतात, इथं वरूड तालुक्यातल्या माझ्या गावात तिला समजून घेणारं कोण आहे?


वाचाताई :

संत्राबाग, तुमची काळजी योग्य आहे. मुलीला उपचारासाठी जरूर आणा, आठव्या वर्षीही बराच फायदा होतो, अडलेला शब्द जोर न लावता सोडवायला शिकवता येतं. पण तिला रोज 'नीट बोल' या एकाच तराजूत तोलू नका. माझ्याकडे दोन प्रकारची मुलं येतात. एक अडखळतात आणि बोलतात. दुसरी अडखळत नाहीत, कारण बोलतच नाहीत. आई-बाप या दुसऱ्या मुलांबद्दल 'बरं वाटतंय' म्हणतात. मला भीती त्यांचीच वाटते.


सांबारवडी :

संत्राबाग दादा, लग्नाचं तुम्ही विचारलं म्हणून सांगते. तिला पाहायला येतील तेव्हा तिचं नाव तिलाच सांगू द्या. ज्यांना दहा सेकंद थांबता येत नाही त्यांचं घर तेव्हाच कळेल. मला सहा वर्षं लागली कळायला.


संत्राबाग :

ताई, हे मी माझ्या बायकोला वाचून दाखवतो.


बांधावरचा :

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे पेरणी, मग डवरणी, मग पावसानं शेत तुंबलं. पीकविम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवायचं होतं. पहिल्या दिवशी फोन लावला, "हॅलो" अडलं, पलीकडून फोन ठेवला गेला. दोनदा. आधीचा मी असतो तर तिथेच सोडून दिलं असतं. तिसऱ्यांदा पुण्याच्या भाऊंचं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं आणि तेच म्हणालो, अडखळत. पलीकडची मुलगी थांबली. तक्रार नोंदवली गेली.

पोराला जिल्ह्याच्या केंद्रात नेतो आहे. तिथल्या ताई त्याच्यापेक्षा जास्त आम्हालाच शिकवतात. पाय आपटणं बरंच कमी झालं. अडखळणं कधी जास्त, कधी कमी. मी आता रोज मोजत बसत नाही.

खरं लिहायचं होतं ते तान्ह्या पोळ्याचं. बाबांनी त्याच्यासाठी सागाचा नंदी करून आणला, चाकं लावली, शिंगांना बेगड चिकटवली. संध्याकाळी पोरं नंदी ओढत घरोघरी बोजारा मागायला निघाली. मागून बाबा आणि मी. एका दारात मावशीनं ओंजळीत पैसे घेतले आणि वाकून विचारलं, "नाव काय रे तुहं?" त्याचे ओठ मिटले. नंदीची दोरी त्यानं बोटाला गुंडाळली. बाजूचा पोट्टा त्याचं नाव सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात बाबा पुढे झाले. प्रार्थना सोडली तर गावासमोर ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही ते माझे बाबा. हात आडवा धरून म्हणाले, "थ-थ-थ-थांब. त-तो सांगते."

दारातली मावशी बाबांकडे बघतच राहिली. ती लग्न होऊन या गावात आल्याला चाळीस वर्षं झाली असतील, तिनं बाबांना अडखळताना कधी ऐकलं नव्हतं, कारण बाबांना बोलतानाच ऐकलं नव्हतं. पोरानं आबाजीकडे मान वर करून पाहिलं. मग ओठ सुटले आणि नाव आलं, मधे एकदा अडून. मावशीनं पैसे दिले. पुढच्या दारात त्यानं विचारायच्या आधीच नाव सांगून टाकलं.

रात्री सपरीत बाबांनी सांगितलं, शाळा त्यांनी तिसरीत का सोडली ते. घरात सगळे समजत होते, ढोरं राखायला म्हणून. सगळं इथे लिहीत नाही. सांगायला त्यांना जवळजवळ तास लागला. आई दिवा घेऊन आली आणि तिथेच बसली.

आता कामाचं. खाजगी निरोपांतून आम्ही सात जण झालो आहोत, वर्धा, पुलगाव, राळेगाव, यवतमाळकडचे. पुढच्या रविवारी दुपारी कळंबला, चिंतामणीच्या देवळाजवळ बसायचं. चहा माझ्याकडे. काळी माती ताई, यजमानांना घेऊन या. खडूफळा सर, त्या मुलीचे आई-बाबा येणार असतील तर त्यांनाही सांगा. सुरुवातीला प्रत्येकानं नाव सांगायचं, वेळेची अट नाही. बाबा येतो म्हणाले आहेत. कोणाला बसस्टँडवर घ्यायला यायचं असेल तर कळवा.


काळी माती :

आम्ही दोघं येतो. बोलतील ते, मी फक्त सोबत.


सांबारवडी :

मी येते. मला घ्यायला नको दादा, यवतमाळहून सकाळची गाडी आहे. कंडक्टर वर्ध्याचं तिकीट फाडायच्या आधी मी कळंबचं मागीन. 'क' नाही मला अडत, पण एखाद्या दिवशी तुम्ही वर्ध्याहून येताना कळंबचं तिकीट मागाल तेव्हा सांगा, मी मागच्या सीटवर बसून थांबेन.


बांधावरचा :

परवाच वर्ध्याला गेलो होतो. येताना कळंबचं मागितलं. देवळीचा फाटा दिसेपर्यंत कंडक्टर उभा होता.